फिरत्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यावर माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी मला पेठेत गाठून विचारले, "सर, जन्मभर पेशवाई शिकवलीत आणि आता मोबाइलवर बोलणार? पेशव्यांनी तुमचे काय वाईट केले?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नाही. महाविद्यालयीन शिक्षणाच्या कामी समाजमाध्यमांचा उपयोग करावा की करू नये, यावर गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यात एक गोष्ट दोन्ही पक्ष धरून चालतात. ती ही की, हा सारा प्रकार अगदी नवा आहे. एक पक्ष म्हणतो, मोबाइलने विद्या झोपडीपर्यंत नेली. दुसरा म्हणतो, मोबाइलने पोरे बिघडवली. परंतु एकमेकांपासून लांब असलेल्या माणसांनी एखाद्या साधनाच्या आधाराने एकमेकांशी जोडून घेऊन शिकण्याचा प्रयत्न यापूर्वी कधी झाला होता काय, झाला असल्यास तो कोठे साधला आणि कोठे फसला, हे विचारावयास कोणी थांबत नाही. ते विचारणे हे इतिहासाच्या माणसाचे काम आहे; आणि उत्तर शोधण्यासाठी पाथर्डीपासून फार लांब जावे लागत नाही, म्हणून मी हा विषय घेतला.

पाथर्डी तालुक्याची प्रकृती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत त्याला आपण अहमदनगर म्हणत होतो) आणि बीड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचा हा डोंगराळ, पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेताचा, त्यामुळे शेतीचा भरवसाही बेताचा. अशा मुलखात माणसाचे पाय एका जागी ठरत नाहीत. गर्भगिरीच्या डोंगरात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. होळीपासून पाडव्यापर्यंत तिची गर्दी असते, आणि रंगपंचमी हा मुख्य दिवस. वर्षभर गावोगाव पांगलेल्या भटक्या जमातींची माणसे येथे एकत्र येत, गाढवांचा बाजार भरे, सोयरिकी जमत, जुने तंटे पंचांपुढे निघत. वर्षाचे अकरा महिने ज्यांचा एकमेकांना पत्ता नाही, अशा माणसांना एका ठरल्या जागी आणि ठरल्या तिथीला पुन्हा जोडून घेण्याची ही एक रीत होती. 'नेटवर्क' हा शब्द आपल्या कानी पडण्याच्या कितीतरी आधी या डोंगरात त्याची रीत ठाऊक होती, असे मी म्हटले तर तो अभिमानाचा अतिरेक समजू नये.

या तालुक्यातून चालत गेलेल्यांत दुसरा वर्ग जैन साधुसाध्वींचा. स्थानकवासी परंपरेचे आचार्य आनंदऋषीजी यांचा जन्म १९०० साली याच तालुक्यातील चिचोंडीचा, आणि त्यांची दीक्षा १९१३ साली मिरीला झाली. साधू वाहनात बसत नाही. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर तो एका गावी फार काळ राहत नाही; आज तिसगाव तर उद्या शेवगाव, असा त्याचा विहार. आता अशा माणसाने प्राकृत, संस्कृत, न्याय, आगम यांचे क्रमवार अध्ययन करावे कसे? पाठशाळेला पाय नाहीत आणि विद्यार्थ्याला मुक्काम नाही. या अडचणीतून जी वाट निघाली तिचे नाव श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड. तिलोकऋषी आणि रत्नऋषी या पूर्वसूरींची नावे जोडून आनंदऋषीजींच्या प्रेरणेने हे बोर्ड १९३६ साली स्थापन झाले, आणि त्याच्या पुस्तकांवर पत्ता छापलेला असे तो पाथर्डीचा. अभ्यासक्रम ठरलेला, पुस्तके ठरलेली, परीक्षा पायरीपायरीच्या. वरच्या पायऱ्यांना विशारद, शास्त्री, आचार्य अशा पदव्या. शिकवणारा मात्र जेथे मुक्काम तेथला: एखादा पंडित, एखादा वडीलधारा साधू. परीक्षेची केंद्रे देशात ठिकठिकाणी. पुढील काळातील साध्वींचे चरित्रपरिचय वाचताना 'पाथर्डी बोर्डाची आचार्य परीक्षा' असा उल्लेख भेटतो तेव्हा मला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. कारण ज्या काळी आपल्याकडे सुखवस्तू घरातली मुलगीसुद्धा महाविद्यालयाचे दार क्वचित पाहत होती, त्या काळी अनवाणी चालणाऱ्या एखाद्या साध्वीच्या वरिष्ठ अध्ययनावर एका आडगावाच्या नावाची मोहोर उमटत होती.

आता या व्यवस्थेचे वाहन कोणते, तर टपाल. टपालाने शिक्षण ही कल्पना पाथर्डीने काढली असे नव्हे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपले लघुलेखन टपालाने शिकवण्यास आरंभ केला. विद्यार्थी कार्डावर उतारा लिहून पाठवी, पिटमन तो तपासून परत धाडीत. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना आपले दार उघडले. आपल्याकडे एका पैशाचे पोस्टकार्ड १८७९ साली आले, आणि या पैशाच्या कार्डाने महाराष्ट्राच्या बौद्धिक जीवनात काय उलथापालथ केली याचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाही. असो. पिटमनच्या उदाहरणात एक बारीक गोष्ट आहे तिच्याकडे लक्ष वेधून पुढे जातो. पिटमनने नुसता धडा पाठवला नाही; विद्यार्थ्याने लिहिलेले परत मागवले आणि दुरुस्त करून पुन्हा धाडले. कार्ड जाणारे होते तसे येणारेही होते. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा कणा एवढाच आहे.

हा कणा नुसत्या तर्काचा नाही, तो प्रयोगाने तपासला गेलेला आहे, आणि तोही आपल्याच भागात. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पुणे नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याभोवतीच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत एक उपक्रम चालवला. प्रत्येक खेड्यात सुमारे वीस माणसांचे एक श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. त्यांत शेती, आरोग्य, सहकार असे विषय. इथपर्यंत नवल काही नाही. रेडिओ ऐकायला माणसे पारावर तशीही जमत. नवल पुढेच आहे. कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करावयाचा आणि मंडळींनी ऐकलेल्यावर बोलावयाचे. काय पटले, काय पटले नाही, आपल्या गावात ते जमेल की नाही. मंडळाच्या निमंत्रकाने त्याचे टिपण करून, शंका लिहून पुण्यास पाठवावयाच्या, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळावयाची. म्हणजे जाताना आकाशमार्ग आणि येताना टपाल, अशी ती दुहेरी वाट होती.

या उपक्रमाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होते आणि ते काम पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने केले. त्याने केवळ श्रोतामंडळाची गावे तपासली नाहीत. ज्या गावी रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशी गावे घेतली. ज्या गावी रेडिओच नव्हता, अशीही घेतली. उपक्रमापूर्वी आणि नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष असा निघाला की, मंडळाच्या गावांतील माणसांच्या माहितीत ठसठशीत भर पडली होती, आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. तोच रेडिओ, तेच कार्यक्रम, तोच आवाज! फरक एवढाच की, एका ठिकाणी ऐकून झाल्यावर वीस माणसे बोलत बसली आणि दुसऱ्या ठिकाणी उठून घरी गेली. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर पसरवण्यात आली. पण पसरवताना रेडिओसंच वाटणे सोपे होते आणि निमंत्रक घडवणे कठीण होते, हे निराळे सांगावयास नको.

तुम्ही म्हणाल, हा प्रौढशिक्षणाचा प्रयोग. उच्च शिक्षणाशी त्याचा संबंध काय? संबंध असा की, पुढे उच्च शिक्षणाने जेव्हा हीच वाट धरली तेव्हा त्याला याच काट्यावर तोलता येते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. दिल्लीतच १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. मुक्त विद्यापीठाच्या रचनेत घरी पोहोचणारे पुस्तक होते, तसे अभ्यासकेंद्रही होते, जेथे विद्यार्थ्यांनी ठरल्या दिवशी येऊन शिक्षकाला प्रश्न विचारावयाचे. माझा अनुभव असा की, ज्या केंद्रावर ही संपर्कसत्रे मनापासून होत तेथले विद्यार्थी टिकत, आणि जेथे ती हजेरीपुरती उरत तेथे गंगा घरापर्यंत येऊन दारातच थांबे.

आता वर्तमानाकडे येतो. व्हॉट्सअ‍ॅप २००९ सालचे. परंतु ते आपल्या तालुक्यातील विद्यार्थ्याच्या खिशात खऱ्या अर्थाने आले ते २०१६ नंतर, इंटरनेटचे दर एकदम कोसळल्यावर. तरीही भ्रमात राहू नये. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील इंटरनेटची सोय असलेली घरे शंभरात पंधरासुद्धा भरली नव्हती, आणि संगणक असलेली घरे पाचांहून कमी. अशा स्थितीत मार्च २०२० आला. टाळेबंदी झाली, महाविद्यालये बंद पडली, आणि आम्हा शिक्षकांना सांगण्यात आले की शिकवणे चालू ठेवा.

येथे तिसऱ्या चालणाऱ्या वर्गाची गोष्ट आली. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून राहतो. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात माघारी येतो. त्या एप्रिलात सव्वा लाखाहून अधिक तोडणी कामगार राज्यात ठिकठिकाणी अडकले होते. १७ एप्रिलला शासनाने त्यांना गावी परतण्याची मुभा दिली. पुढील हंगाम आला तेव्हा महाविद्यालये बंदच होती. एरवी मुलगी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहून कॉलेज करी; आता कॉलेजच नाही तर ती गावी थांबून काय करील? आईबापांबरोबर फडावर गेली. माझ्या वर्गातून अशी काही मुले आणि मुली गेल्या.

मी ग्रुप काढला होता. कला शाखेचे दुसरे वर्ष, चौऱ्याण्णव विद्यार्थी. पहिल्या पंधरवड्यात त्यावर इतकी सुप्रभाताची फुले, इतके देवादिकांचे फोटो आणि इतकी काढ्यांची कृती आली की मी वैतागून एक कळ दाबली. त्या कळीने ग्रुपवर फक्त मीच लिहू शकेन, बाकीच्यांनी केवळ वाचावे, अशी व्यवस्था झाली. मोठी शांतता पसरली. मी रोज टिपणे पाठवी, खाली दोन निळ्या खुणा येत, आणि मला वाटे की वर्ग उत्तम चालला आहे. न्यूरथचा निष्कर्ष मी त्यापूर्वी वाचलेला होता, नव्हे, वर्गात शिकवलेलाही होता. तरी चौऱ्याण्णव घरांत मी रेडिओ लावून मोकळा झालो आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

ते आणून दिले एका मुलीने. डिसेंबरात एका रात्री साडेआठाला तिचा फोन आला. पाठीमागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "सर, ग्रुपवर विचारता येत नाही म्हणून फोन केला. चालेल का?" मी म्हटले, "बाई, विचार की." तिने प्रश्न विचारला, मी सांगितले, आणि मग सहज चौकशी केली तेव्हा कळले की, कोपीवर रेंज नसते. गाडी खाली करायला वडील कारखान्यावर जातात तेव्हा त्यांच्याबरोबर ती आठवड्यातून दोनदा येते, वजनकाट्याच्या रांगेत फोनवर सगळी टिपणे उतरवून घेते आणि कोपीवर जाऊन वाचते. मी हौसेने पाठवलेली चलच्चित्रे तिने एकही पाहिली नव्हती. ती उतरतच नसत. चार ओळींचा मजकूर मात्र रांगेतसुद्धा येई.

मी ती कळ सोडली. रात्री आठ ते नऊ प्रश्नांची वेळ ठरवली, आणि बाकी वेळेला फुले आणि देव यांस मज्जाव केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रुपाच्या पोटात गावागावाची पाचसहा जणांची लहान मंडळे केली, आणि प्रत्येक मंडळात ज्याच्या घरी फोन टिकतो अशा एकाकडे काम दिले की, शेजारी ज्याला फोन नाही त्याला विचारून त्याचा प्रश्न ग्रुपवर टाकायचा. पहिला आठवडा सगळे प्रश्न मलाच आले. दुसऱ्या आठवड्यात माणिकदौंडीकडच्या एका मुलाने माझ्या आधी उत्तर लिहिले. ते अर्धे चूक होते, दुसरीने ते दुरुस्त केले, तिसऱ्याने पुस्तकाचे पान फोटो काढून टाकले. शिक्षक म्हणून मला जे समाधान वर्गात फार क्वचित मिळाले ते त्या रात्री मिळाले: माझ्याशिवाय काम चालले होते.

याचा अर्थ सर्व काही सुफळ झाले असा मी देखावा करणार नाही. चौऱ्याण्णवांपैकी वर्षभरात कधीतरी बोललेली मुले चाळीसही नसतील. त्या वर्षी आमच्या वर्गातल्या काही मुलींची लग्ने उरकली गेली आणि ग्रुपवरून त्यांची नावे एक एक करून गळाली. कित्येक घरांत फोन एक, तोही भावाचा. तो बाहेर गेला की बहिणीचे कॉलेज बंद. शिवाय ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मुलींना नको ते निरोप आल्याच्या दोन तक्रारी माझ्याकडे आल्या, आणि पोस्टकार्डाने हा उपद्रव केला नव्हता हे मला कबूल केले पाहिजे. त्याआधी अंतिम वर्षाच्या परीक्षा, सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑगस्ट २०२० चा निकाल झाल्यावर, ऑक्टोबरात घरून पर्यायी प्रश्नांच्या पद्धतीने झाल्या, तेव्हा असेच ग्रुप उत्तरे वाटण्याच्या कामी आले, असेही ऐकिवात आहे. दुहेरी वाटेवरून चोरही येतात. पण म्हणून वाट एकेरी करणे हा उपाय मी एकदा करून पाहिला आहे.

दुसऱ्या बाजूने कोणी असेही सुचवतात की, फोन पोहोचला, आता वसतिगृहांचा खर्च कशाला? २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृहांची योजना काढली. पहिल्या टप्प्यातील तालुक्यांत पाथर्डी आणि जामखेड होते. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास बोर्डिंग काढले ते पुस्तके मिळत नव्हती म्हणून नव्हे. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसून, एका दिव्याखाली अभ्यास करीत एकमेकांकडून शिकतील म्हणून. ज्या मुलीला कोपीत रात्री उजेड नाही तिला ग्रुप हा आधार आहे. वसतिगृह हा तिचा हक्क आहे. एकाकडे बोट दाखवून दुसरे नाकारणे हा हिशेब मला मान्य नाही, मग तो कितीही काटकसरीचा असो.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एक निराळीच चिंता लागते. श्रोतामंडळांनी १९५६ साली पाठवलेल्या टिपणांच्या आधारे न्यूरथला आपला अहवाल लिहिता आला. परीक्षा बोर्डाची पुस्तके आजही जुन्या ग्रंथालयांत मिळतात. परंतु २०२०-२१ या साली महाराष्ट्राच्या हजारो महाविद्यालयांतील लक्षावधी मुलांनी एकमेकांना काय विचारले आणि काय सांगितले, ते सगळे ज्याच्या त्याच्या फोनात होते. फोन बदलले, मेमरी भरली म्हणून ग्रुप पुसले गेले. माझा स्वतःचा त्या वर्षीचा फोन २०२२ च्या पावसाळ्यात बंद पडला, आणि तो आमचा ग्रुप, त्यातली भांडणे, चुकीची उत्तरे, पुस्तकांच्या पानांचे वाकडे फोटो, सगळे त्याच्याबरोबर गेले.

हाती राहिली ती एक शंभर पानी वही. जुन्या सवयीने मी काही प्रश्न तारीख घालून हाताने उतरून ठेवले होते. एकंदर त्रेसष्ट आहेत. पहिला प्रश्न ट्रॅक्टरच्या आवाजातला, त्या मुलीचा. वर्गात आम्ही १८८२ च्या हंटर आयोगाचा भाग घेत होतो. वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च होतो आणि रयतेच्या प्राथमिक शाळांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी त्या आयोगापुढे मांडली, एवढे टिपणात मी लिहिले होते. तिने विचारले होते, "सर, ते निवेदन त्यांनी मराठीत दिले की इंग्रजीत? इंग्रजीत दिले असेल, तर ज्यांच्यासाठी दिले त्यांना ते कोणी वाचून दाखवले?"

निवेदन इंग्रजीत होते, एवढे मी तिला त्याच वेळी सांगितले. प्रश्नाच्या दुसऱ्या भागापुढे वहीत जागा कोरी आहे.